अराजकाचे विश्वसनीय सूत्र

४ फेब्रुवारी

श्रीमान शालकमहोदय यांस,

आपल्या ज्येष्ठ भगिनीचे पाणिग्रहण करण्याचे धाडस केलेल्या दंतवैद्याचा सप्रेम नमस्कार.

‘तिकडची हालहवाल सविस्तर कळवा’ ही आपली आज्ञा वाचून मी सद्गदित झालो. आजवर आपण मला केवळ ‘ताईचा गुडघा कसा आहे’ एवढेच विचारीत आलात. केंद्राच्या गृहखात्यातील कक्ष अधिकाऱ्यास राज्याच्या विधानसभेतील शेवटच्या बाकावरील आमदाराच्या निरीक्षणांची तहान लागावी, हा माझ्या उत्तरायुष्यातील भाग्ययोग होय. सबब विस्ताराने लिहितो.

या राज्यात अराजक माजले आहे. गेल्या आठवड्यात राजधानीचे मुख्य पोलीस ठाणे दोन तास पूर्णतः निर्मनुष्य होते. ठाणेदारसाहेबांची अक्कलदाढ ठणकू लागली आणि तिचे उत्पाटन याचि डोळा पाहावे म्हणून अवघे ठाणे त्यांच्यामागून माझ्या दवाखान्यात आले. (एका शिपायाने साहेबांचे पाय घट्ट धरले होते, भक्तीने नव्हे.) कोषागारावर एका वळूने कब्जा केला. कारकूनवर्ग मेजांवर आरूढ झाला. वळूने निवृत्तिवेतनाचे दोन अर्ज भक्षण केले, म्हणजे अर्ज निकाली काढण्याचा त्या खात्याचा वेग त्या दिवशी दुप्पट झाला. विधानसभेत पादत्राणांचा वर्षाव झाला, अर्थात विरोधी बाकावरील एका वृद्ध सदस्याची चप्पल पाय हलवता हलवता निसटली व पुढच्या बाकावर जाऊन पडली. त्यांनी क्षमा मागून ती परत घेतली. परंतु पहिला थेंब पडला की त्यास वर्षाव म्हणण्याचा अधिकार मी राखून ठेवतो. आणि जनतेचा शासनावरील विश्वास समूळ उडाला आहे. एका आजीबाईंनी माझ्यासमोर तोंड उघडण्यासच नकार दिला. म्हणाल्या, “तुम्ही सरकारात बसता ना? मग आधी हातात काय आहे ते दाखवा.”

एक गोष्ट मात्र विनोदाच्या कक्षेबाहेरची. नदीपलीकडच्या वस्तीतील पोरांच्या हिरड्यांवर निळी रेघ उमटते, हे आपणांस ठाऊक आहेच. मी राजकारणात पडलो तो त्या रेघेपायी. जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्याचे शिसे त्या पोरांच्या अंगात जिरते आहे. कारखाना बंद करण्याचे विधेयक तयार आहे. कारखानदार हा आपल्या केंद्रातील सत्तापक्षाचा आश्रयदाता असल्याने आमचे तीन सदस्य अकस्मात हवापालटास गेले होते. हवा न मानवल्याने परतले. वीस तारखेस विश्वासदर्शक ठराव आहे. तो जिंकला की दुसऱ्याच दिवशी विधेयक मांडले जाईल.

आपला अराजकग्रस्त
भावोजी


९ फेब्रुवारी

आदरणीय भावोजी,

पत्र मिळाले. वाचताना इतका हसलो, की शेजारच्या टेबलावरच्या बाई पाणी घेऊन धावत आल्या.

थोडे विचारायचे होते. पोलीस ठाण्याचा प्रकार नक्की कोणत्या तारखेचा? वळू किती वेळ होता? तेवढा वेळ कोषागाराचे कामकाज बंद होते, असे म्हणता येईल का? चप्पल कोणाला लागली का? आजींसारखे आणखी कोणी सरकारविरुद्ध बोलले का? सहज विचारतो आहे. तुमच्या पत्रांत तपशील असला की मजा येते.

इकडे कामाचा रगाडा आहे. नव्या टेबलावर बदली झाली आहे आणि साहेब कडक आहेत. ताईचा गुडघा कसा आहे?

तुमचा
गट्टू


१३ फेब्रुवारी

रसिकाग्रणी शालकमहोदय,

माझ्या गद्यास आजवर टीकाकार पुष्कळ लाभले. तपशील मागणारा वाचक प्रथमच लाभला. आपली भगिनी म्हणते, “याला एवढा पुळका कशाचा आलाय? कधी दोन ओळी धड लिहीत नाही तो.” मी तिला रसिकतेचे मर्म विशद करून सांगू लागलो. ती मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली.

आता क्रमाने उत्तरे. ठाणे निर्मनुष्य झाले ते एकोणतीस जानेवारीच्या सकाळी. वळूचे वास्तव्य अर्धा दिवस. तेवढा वेळ कामकाज बंद होते, तथापि ते वळूच्या आगमनापूर्वीही बंदच होते, हे सत्यास स्मरून नमूद करतो. चप्पल लागली ती माझ्या अभिमानास, कारण एवढा मोठा वर्षाव होऊनही ती शेवटच्या बाकापर्यंत पोहोचली नाही.

लोकक्षोभाविषयी म्हणाल, तर उघड सशस्त्र बंडाची भाषा सुरू झाली आहे. आमच्या चौकातील केशकर्तनकाराच्या दुकानासमोरचा दिवा गेले काही दिवस बंद आहे. काल त्याने माझ्या गळ्यावर वस्तरा टेकवून विचारले, “आठ दिवसांत दिवा लागला नाही तर सरकार उलथवायचं की नाही, बोला.” मला मान हलवणे शक्य नव्हते. सबब ठराव बिनविरोध संमत झाला.

वीस तारखेची चिंता नसावी. आमच्या बाजूची डोकी मी दातांप्रमाणे एकेक चाचपून मोजली आहेत. चौघांचे बहुमत आहे आणि एकही हलत नाही.

आपला
भावोजी


२१ फेब्रुवारी

कक्ष अधिकारी, गृहखाते, यांस,

परवा सायंकाळी केंद्राने आणीबाणीचे अधिकार वापरून आमचे सरकार बडतर्फ केले आणि विधानसभा विसर्जित केली. ठराव काल व्हायचा होता.

मी सवयीने सकाळी सभागृहाकडे गेलो. दाराला कुलूप होते. दोन वर्षे मला ते दार उघडून देणारा रखवालदार खाली बघून म्हणाला, “साहेब, आत सोडायचा हुकूम नाही.”

“कुणाचा हुकूम?”

“ते आम्हाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही का?”

मुख्यमंत्र्यांच्या दालनात केंद्राने धाडलेला सल्लागार बसला आहे. पहिल्या दिवशी त्याने दोन कामे केली. खुर्ची बदलून घेतली आणि कारखानाबंदीचे विधेयक ‘अधिक अभ्यासार्थ’ गुंडाळून ठेवले.

राज्यपालांचा अहवाल आजच्या वृत्तपत्रांत आला आहे. दवाखान्यात रुग्ण ताटकळत होते. त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवू लागलो. चौथा परिच्छेद असा: ‘विश्वसनीय सूत्राकडून प्राप्त माहितीनुसार, एकोणतीस जानेवारी रोजी राजधानीतील मुख्य पोलीस ठाणे दोन तास पूर्णतः निर्मनुष्य होते. कोषागारावर कब्जा करण्यात येऊन अर्धा दिवस कामकाज बंद पाडण्यात आले व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. विधानसभेत पादत्राणांचा वर्षाव झाला. सामान्य व्यावसायिकही शस्त्र हाती घेऊन शासन उलथवण्याची भाषा करीत आहेत. जनतेचा शासनावरील विश्वास समूळ उडाला आहे.’

वळूचा उल्लेख नाही. अक्कलदाढेचा नाही. दिव्याचा नाही.

त्या आजीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “शेवटचं वाक्य माझं आहे की हो! पण मी तर तुमच्याबद्दल बोलले होते.”

मला एका ओळीचे उत्तर हवे. हे तुम्ही केलेत काय?

दंतवैद्य


२७ फेब्रुवारी

आदरणीय भावोजी,

तुमच्या एका ओळीच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येत नाही.

अठरा तारखेला दुपारी साहेबांनी बोलावले. म्हणाले, निर्णय वरून झाला आहे, राज्यपालांच्या सहीचा अहवाल इथूनच तयार करून संध्याकाळपर्यंत धाडायचा आहे. तुमच्याकडच्या पोलिसांचा अहवाल आला होता. त्यात राज्यात सर्वत्र शांतता असल्याचे लिहिले होते. तो साहेबांनी बाजूला सारला. म्हणाले, “शांततेवर सरकार बडतर्फ करता येत नाही.” माझ्याजवळ दुसरे काही नव्हते. तुमची वाक्ये मी तात्पुरती घातली होती. वर कोणीतरी तपासेल, खोडेल, असे वाटले. कोणीच खोडले नाही. उलट साहेब म्हणाले की चौथा परिच्छेद उत्तम उतरला आहे.

रागावू नका, पण तुम्ही तरी असे का लिहिलेत? गृहखात्यातल्या माणसाला ‘अराजक माजले आहे’ असे कोणी लिहिते का? मी नसतो तर दुसऱ्या कोणी दुसरे काही शोधले असते. निर्णय झालाच होता.

माझे नाव कुठे येऊ देऊ नका, एवढी विनंती. थोरलीचे कॉलेज यंदाच सुरू झाले आहे. ताईला यातले काही सांगू नका.

तुमचा
गट्टू


५ मार्च

कक्ष अधिकाऱ्यांस,

तुमच्या ताईने ते पत्र माझ्याआधी वाचले. तेव्हा तुमची शेवटची विनंती फेटाळण्याचे पाप माझ्या माथी नाही.

अठरा तारखेस साहेबांनी बोलावले, असे म्हणता. मग नऊ तारखेस वळूच्या वास्तव्याची चौकशी ‘सहज’ करीत होतात काय?

मी असे का लिहिले, असे विचारता. मी ते माझ्या मेव्हण्यास लिहिले होते. तीस वर्षे मी असाच लिहीत आलो आहे. तुमच्या लग्नात वाढप्यांनी उशीर केला, तेव्हाही मी तुम्हाला ‘दुष्काळ पडला आहे’ असे कळवले होते. त्या वेळी तुम्ही मदतनिधी उभारला नव्हता.

निर्णय झालाच होता म्हणता. तोच तर माझा संताप आहे! घराला आग लागली तर दार फोडून आतल्यांना वाचवावे, म्हणून घटनेने केंद्राच्या हाती घण दिला. तुमच्या वरिष्ठांना घरातली माणसे पसंत नव्हती, एवढ्यासाठी त्यांनी दार फोडले, माणसांना बाहेर काढले आणि आगीचा पुरावा म्हणून माझ्या चुलीचा धूर जगाला दाखवला. आणि हा धूर त्यांना आणून दिला कोणी, तर ज्याने त्याच चुलीवरचे अन्न खाल्ले त्याने.

दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या वस्तीतली एक बाई, कडेवर पोर घेऊन, भर उन्हात रांगेत उभी राहिली आणि तिने मला मत दिले. नंतर दवाखान्यात येऊन मला दम भरला, “आता ही रेघ पुसून दाखवा.” त्या बाईचे मत रद्द करायला तुम्हाला काय लागले? एक चप्पल, एक दाढ, एक वळू. त्यातला वळू तर तुम्ही लपवलात. म्हणजे तो खरा काय आहे, ते तुम्हाला पक्के ठाऊक होते!

पदच्युत मुख्यमंत्र्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आहे. मी साक्ष देण्यास तुमच्या शहरी येत आहे. ते विश्वसनीय सूत्र मीच, हे शपथेवर सांगणार. कोणास लिहिले होते, असे विचारल्यास तुमचे नाव माझ्या मुखातून निघणार नाही. हे तुमच्यासाठी नव्हे, माझ्या घरातल्या एका माणसासाठी. ते नाव घ्यायचे तर तुमचे तुम्ही घ्या.

दंतवैद्य


२२ मार्च

गट्टू,

मी हे यांना न सांगता लिहिते आहे. यांच्यासारखं मला लिहिता येत नाही, त्यामुळे तुला वापरण्यासारखं यात काही सापडायचं नाही.

हे साक्ष देऊन परवा परत आले. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर लॉजमध्ये राहिले होते. तुझ्याकडे आले नाहीत, कारण कुणी पाहिलं असतं तर तुझ्यावर बालंट आलं असतं. अशी ही अक्कल.

कोर्टात यांनी सगळं सांगितलं. वळूवर लोक हसले म्हणे. सरकारी वकील हसला नाही. त्यानं विचारलं, “हा विनोद होता तर तो कुणाजवळ केलात?” हे गप्प. न्यायमूर्तींनी पुन्हा पुन्हा विचारलं. हे गप्पच. मग वकील म्हणाला, “साक्षीदार पडलेल्या सरकारचा आमदार आहे. अहवाल छापून आल्यावर ही गोष्ट रचायला त्याला भरपूर वेळ मिळाला.” झालं. गट्टू, हा माणूस तोंडात औषध असतानाही गप्प बसत नाही. तो तुझ्यासाठी तिथं मुका उभा राहिला आणि खोटा ठरला. आल्यापासून एक विनोद केलेला नाही. घर खायला उठलंय.

तुला नोकरी आहे, पोरी आहेत, घराचे हप्ते आहेत. मला सगळं माहीत आहे. पण नदीपलीकडची ती बाई काल पोराला घेऊन आली होती. पोर आता बोलताना अडखळतं. तिनं काही विचारलं नाही, भांडली नाही. बाकावर नुसती बसून राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढची तारीख दोन एप्रिल आहे. तू जा. नाही गेलास तर मी येते, आणि मला गप्प बसता येत नाही. तुझं नाव मला चांगलं पाठ आहे. आठ वर्षांची असताना मीच ते ठेवलं होतं.

ताई


४ एप्रिल

भावोजी आणि ताई,

परवा साक्ष दिली.

सरकारी वकील मला चांगले ओळखतात. त्यांच्या टिपणांचे काम माझ्याच टेबलावरून होते. मला पाहून ते अगदी मवाळ आवाजात म्हणाले, “ते पत्र गमतीचं आहे, हे त्या वेळी तुमच्या ध्यानात आलं नव्हतं, हो ना?” त्यांनी माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. ‘नव्हतं’ म्हणालो असतो तर मूर्ख ठरलो असतो आणि नोकरी शाबूत राहिली असती.

मी म्हणालो, “आलं होतं. वाचताना हसलोही होतो. मग टाइप केलं.”

या वेळी कोर्टात कोणीच हसले नाही. न्यायमूर्तींनी विचारले, “वळू का वगळलात?” मी म्हणालो, “वळू ठेवला असता तर सरकार पडलं नसतं.”

संध्याकाळी निलंबनाचा आदेश घरी आला. शिपाई नेहमीचाच होता. त्याला चहा विचारला, तो दारातूनच परत गेला.

भावोजी, नऊ तारखेविषयी तुम्ही विचारले होते. खरे त्याच्याही आधीचे आहे. जानेवारीतच साहेबांनी विचारले होते, त्या राज्यात तुमचे कोणी नात्यातले आहे का. हालहवाल विचारणारे ते पहिले पत्र मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिले होते. त्यातला ताईच्या गुडघ्याचा प्रश्न तेवढा माझा होता.

हे मी कोर्टातही सांगितले. तुम्हाला आधी सांगायला हवे होते. धीर झाला नाही.

गट्टू


१८ ऑगस्ट

चिरंजीव गट्टूस,

इतके दिवस तुला लिहिले नाही. लेखणी हाती घेतली की वाक्य तयार होई आणि ते कोणी कुठे नेऊन चिकटवील, या भयाने मी ते गिळून टाकी. दंतवैद्याने एवढे गिळणे प्रकृतीस बरे नव्हे.

निकाल तू वाचला असशील. केंद्राची घोषणा घटनाबाह्य ठरली. चौथा परिच्छेद हा ‘बुद्धिपुरस्सर विपर्यास’ ठरला. तुझ्या साक्षीवाचून ते शक्य नव्हते, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिले आहे. तथापि, मध्यंतरी नव्या निवडणुका घोषित झाल्याने विसर्जित विधानसभा पुनरुज्जीवित करता येणार नाही. थोडक्यात, शवविच्छेदनाअंती रोगी ठणठणीत असल्याचे सिद्ध झाले. ज्यांनी त्यास मारले, त्यांना न्यायालयाने ताकीद दिली आहे. सल्लागार अजून त्याच खुर्चीवर आहे. तुझ्या साहेबांना बढती मिळाल्याचे कळते. निलंबित झाला तो एकटा तू, आणि तोही खरे बोलल्यानंतर!

निकालाच्या दिवशी दवाखान्यात पेढे वाटायला कार्यकर्ते आले. पाठोपाठ ती नदीपलीकडची बाई आली.

“डॉक्टर, आपण जिंकलो म्हणे?”

“हो, जिंकलो.”

“मग धूर का येतोय?”

  कार्यकर्ते पेढ्यांचा खोका घेऊन बाहेर गेले.

मी काल पुन्हा उमेदवारी अर्ज भरला. माझी भाषणे मी स्वतः लिहू नयेत, असा ठराव पक्षाने एकमताने केला आहे. या वेळी कोणाच्याही गळ्यावर वस्तरा नव्हता. मला सरळ, कोरडे, एकही अलंकार नसलेले वाक्य लिहिणारा माणूस हवा आहे. तसा माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि सध्या तो रिकामा आहे. पगार देण्याची ऐपत नाही. पहिल्या सभेत त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत मांडायचा आहे. तो तू लिही. त्यातले काही वगळू नकोस.

ये. या शब्दात अतिशयोक्ती नाही.

तुझा
भावोजी

गट्टू, पोरींना आणि वहिनीला घेऊन ये. दवाखान्यावरची खोली झाडून ठेवली आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तो पत्रात मावत नाही, समोर बसलास की सांगते.
— ताई